नऊ साचे

पाऊस पुरता तासभरसुद्धा पडला नाही. पण ते पावसाचे दिवस नव्हते, आणि आमच्या विटा उघड्यावर होत्या. आठ दिवस थापलेला माल मैदानात वाळत होता. कडेच्या ओळींवर ताडपत्री ओढेपर्यंत मधल्या ओळींचे कोपरे गळाले, आणि थोड्या वेळानं पाहावं तर ओळी नाहीत, विटा नाहीत, नुसता चिखल. थोरली जाऊ त्या चिखलात फतकल मारून बसली. रडली नाही. अर्धी विरघळलेली एक वीट उचलून ती दोन्ही तळव्यांनी दाबून परत चौकोनी करायला लागली.

"ताई, उठा. भिजताय," मी म्हणाले.

"भिजायचं काय राहिलंय आता? तू तुझी शाळा बघ जा. छपरातून धार लागली असेल."

माझी शाळा म्हणजे कोळशाच्या शेडला टेकवून उभी केलेली पत्र्याची खोली. भट्टीवरच्या लहान पोरांसाठी एका संस्थेनं बालवर्ग काढला होता आणि दहावीपर्यंत शिकलेली बाई भट्टीवर मी एकटीच होते, म्हणून मी बाई. सकाळी दोन तास शिकवायचं, मग डोक्याला फडकं गुंडाळून विटा वाहायच्या. पोरं सकाळी मला बाई म्हणायची आणि दुपारी त्यांच्या आया मला "ए, सरक की बाजूला" म्हणायच्या. मला त्याचं काही वाटत नसे. वासरांत लंगडी गाय शहाणी, हे मला माहीत होतं.

खोलीत गेले तर धार नव्हती, पाटच वाहत होता. खडूंचा डबा भरून त्याचं दूध झालं होतं. चित्रांचे पुठ्ठे फुगून पापडासारखे उलले होते. एकुलतं एक मोठं पुस्तक मी पोटाशी धरून घरी आणलं आणि चुलीच्या कडेला पान पान उघडून वाळत ठेवलं. भिंगरी त्याच्या शेजारी उकिडवी बसून राहिली.

भिंगरी थोरलीची लेक. सहा वर्षांची. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून भिंगरी. आम्ही एका खोलीत पाच माणसं राहायचो: थोरली, मोठे दीर, आमचे हे, मी आणि भिंगरी. चूल एक, भांडी एक, आणि मूलही एकच. मला झालं नाही. त्यामुळे भिंगरी दोघींची होती, निदान मी तरी तसं धरून चालले होते.

"काकू, पुस्तक शेकल्यावर बरं होतं का?" तिनं विचारलं.

"होतं."

"मग परीक्षेपर्यंत होईल?"

या पोरीला परीक्षा कळत नव्हती, पण घरात दुसरं बोलणंच नव्हतं. टेकडीपलीकडे एक वसतिशाळा होती. राहणं, खाणं, शिकणं, सगळं तिथंच. या वर्षी ती शाळा प्रत्येक भट्टीवरून एक मूल घेणार होती. सहा वर्षं पूर्ण हवीत आणि अक्षरओळख हवी, एवढंच. आमच्या भट्टीवर त्या वयाची दोन मुलं, दोन्ही मुलीच. एक भिंगरी. दुसरी भट्टी पेटवणाऱ्याची पोर, जिला सगळे बोबडी म्हणायचे. ज्या पोरीचा नंबर लागणार नाही तिचं काय होणार हे कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती. सातवं लागलं की डोक्यावर फडकं येतं. सुरुवातीला दोन विटा, हंगाम संपेपर्यंत दहा. थोरली स्वतः सातव्या वर्षी लागली होती. तिच्या टाळूवर केस नव्हते, आणि बोटांना नखं नावालाच होती, चिखलानं खाल्लेली.

"माझ्या पोरीच्या डोक्यावर फडकं यायचं नाही," ती म्हणायची. "धाकटे, तुझ्या हातात आहे आता सगळं."

माझ्या हातात होतं, ते खरंच होतं. आणि मी घाई केली नव्हती, हेही खरं. इतर भट्ट्यांवरच्या बाया पहिल्या दिवसापासून पोरांकडून अक्षरं घोकून घेत. मला ते पटत नसे. ज्या पोरांनी घरात कागदाचा कपटा पाहिला नाही त्यांना पुस्तक म्हणजे काय हे आधी कळायला हवं. याला पुढची बाजू असते, मागची असते. चित्र वाचायचं नसतं, खालचं काळं वाचायचं असतं. इथून निघायचं, तिकडे जायचं, ओळ संपली की परत इकडे यायचं. शब्दांमध्ये जागा का असते हे पोरांना काही केल्या कळेना, तेव्हा मी त्यांना मैदानात नेलं आणि वाळत घातलेल्या विटा दाखवल्या.

"दोन विटांमध्ये जागा का सोडतात?"

"वारा जायला!" सगळी एका सुरात.

"आणि नाही सोडली तर?"

"तर चिकटतात. मग मुकादम बोंबलतो!"

"शब्दांचंही तसंच. चिकटले की वाचणारा बोंबलतो."

पोरं खदाखदा हसली, आणि दुसऱ्या दिवसापासून पुस्तकावर बोट ठेवून जागा मोजायला लागली. मला त्या दिवशी फार बरं वाटलं. अक्षरं आता महिन्याभरात होतील असा माझा हिशेब होता. तेवढ्यात पाऊस पडून गेला.

दुसऱ्या दिवशी मुकादम खोलीच्या दारात आला. आत पाऊलही टाकलं नाही. "बाई, वर्ग बंद. आठ दिवसांचा माल मातीत गेलाय. तो भरून निघेपर्यंत सगळे हात मैदानात. तुमचेही."

"साहेब, परीक्षा आहे पोरांची. निदान तासभर."

"परीक्षा माझी चालू आहे," तो म्हणाला आणि गेला. तसा माणूस वाईट नव्हता, त्याच्याही डोक्यावर कुणी बसलं होतं. पण वाईट नसलेल्या माणसांनीच आमचं आयुष्य खाल्लं, हे मी आता म्हणते.

पुढचे सहा आठवडे मला नीट आठवतही नाहीत. उजाडायच्या आत खड्ड्यात पाणी सोडायचं, माती तुडवायची. मोठे दीर आणि आमचे हे गुडघाभर गाऱ्यात उभे राहून पाय उचलायचे आणि टाकायचे, उचलायचे आणि टाकायचे. थोरली थापायला बसायची. ती थापायची तेव्हा बघत राहावं असं होतं. साच्यात मूठभर वाळू फिरवायची, गोळा उचलायचा, दोन्ही हातांनी डोक्यावर नेऊन साच्यात आपटायचा, अंगठ्यांनी कोपरे भरायचे, पट्टीनं वरचा जादा गारा कापायचा, साचा उलटा करायचा आणि अलगद वर घ्यायचा. खाली वीट. विटेच्या पाठीवर मालकाची अक्षरं. ती उजव्या हाताला सुरुवात करून डावीकडे सरकत जायची, बसल्या बसल्याच, आणि ओळ संपली की उठताना एकदा कमरेवर हात ठेवायची. मी वाहायचे. माझी मान आत गेली आणि रात्री जेवताना घास उचलायला हात वर जाईना.

भिंगरीला साचे धुवायचं काम होतं. साच्याच्या तळाशी अक्षरं कोरलेली असतात. त्यांच्या फटीत गारा अडकला की वीट चिकटते, म्हणून दर वीस-पंचवीस विटांनी साचा बदलायचा आणि अडकलेला गारा काडीनं कोरून काढायचा. हे लहान बोटांचं काम. ओल्या विटेला मात्र हात लावायचा नाही. एकदा तिनं विटेवरच्या अक्षरातून बोट फिरवलं. मुकादमानं ती वीट पायानं चेचली, आणि थोरलीनं भिंगरीच्या थोबाडीत दिली. त्यानंतर पोर ओल्या विटांकडे वळून पाहत नसे. वाळल्या की विटा कडेवर उभ्या केल्या जातात, एकीला एक टेकवून, आणि मग अक्षरं आत झाकली जातात.

एका संध्याकाळी मी घरी आले तर भिंतीशी जुने साचे मांडलेले. एक, दोन, चांगले नऊ. फुटके, कडा झिजलेले, कुठल्या कुठल्या भट्ट्यांचे.

"हे काय, सरपण?" मी विचारलं.

"सरपण तुझ्या डोक्याचं," थोरली म्हणाली. ती लाजली होती. तिला लाजताना मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं. "साचेवाल्या म्हाताऱ्याकडून मागून आणले. फेकणारच होता. तू बघू नकोस इकडे. परीक्षेच्या दिवशीच बघ."

तेव्हा मला कळलं आणि हसू आलं. साचेवाला म्हातारा भट्ट्याभट्ट्यांतून फिरून साचे कोरायचा, दुरुस्त करायचा. थोरली दुपारच्या सुट्टीत त्याच्याजवळ जाऊन बसली होती. याला काय म्हणतात, त्याला काय म्हणतात, असं एकेका अक्षरावर बोट ठेवून विचारलं होतं, आणि सगळं पाठ करून आली होती. चाळीस वर्षांची बाई, जिला अंगठ्याशिवाय काही उमटवता येत नव्हतं. आता ती रोज जेवणानंतर भिंगरीचं बोट धरून साच्यातल्या चरांमधून फिरवत होती.

"हा क. म्हण."

"क."

"हा ग. फिरव बोट. नीट फिरव, गारा काढतेस तशी."

मी भिंतीकडे तोंड करून पडलेली असायचे. आवाज कानावर यायचा आणि बरं वाटायचं. उठून जवळ जावं, बघावं, असं दोनतीनदा मनात आलं. पण एक तर अंग उचलत नव्हतं, आणि दुसरं म्हणजे थोरलीचा तो आनंद होता. या घरात शिकलेली म्हणून माझा तोरा होता, मी तो कधी दाखवला नाही असं म्हणणार नाही. म्हटलं, हिचं हिला करू दे. आपण मध्ये नाक खुपसलं तर हिचा चेहरा पडेल.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मुकादमानं अर्धा तास वर्ग घ्यायला दिला. पाटी एक आणि खडूचा तुकडा एक. तो मी बोबडीला दिला, कारण तिला घरी शिकवणारं कुणी नव्हतं. तिचा हात धरून चार अक्षरं करून घेतली. भिंगरीला तोंडीच विचारलं.

"गवतमध्ये पहिलं कुठलं?"

"ग!"

"मगरमध्ये शेवटी?"

"र! काकू, मला सगळी येतात. काढता पण येतात. आई म्हणाली, परीक्षेलाच दाखव."

"शाबास," मी म्हणाले. आणि तेवढ्यावर ठेवलं.

परीक्षेला मीच घेऊन गेले. थोरलीला सुट्टी मिळाली नाही. तिनं भिंगरीच्या केसांना पाणी लावून ते इतके ताणून बांधले की पोरीच्या भुवया वर गेल्या. जाताना ती खड्ड्याच्या कडेला उभी होती, हात कोपरापर्यंत माखलेले, म्हणून तिनं भिंगरीला जवळ घेतलं नाही, नुसती हनुवटी तिच्या डोक्याला टेकवली.

"घाबरायचं नाही. आपल्याला येतंय सगळं," ती म्हणाली. 'आपल्याला' म्हणाली.

टेकडी चढून उतरायला दोन तास लागले. बोबडीचा बाप तिला खांद्यावर घेऊन पुढे. भिंगरी माझा हात सोडून पळायची आणि पुढे जाऊन वाट बघत थांबायची. वसतिशाळेच्या खोलीत बाकं होती, खिडक्यांना काचा होत्या, आणि भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत अक्षरांचा तक्ता. ही इथं बसणार, असं मला अगदी दिसलं.

भिंगरी तक्त्याकडे बघत उभी राहिली. मग तिनं माझी बाही ओढली. मी वाकले.

"काकू," ती कुजबुजली, "यांची अक्षरं उलटी आहेत."

मी हसले. मग हसू थांबलं. नऊ साचे माझ्या डोळ्यांसमोर आले, भिंतीशी टेकवलेले. साच्यात अक्षर उलटं कोरतात, तेव्हा कुठे ते विटेवर सुलटं येतं. वाचता येणाऱ्या कुणालाही हे कळेल. मला माहीत होतं. थोरलीला कुठून असणार? तिच्या दृष्टीनं खरं अक्षर साच्यातलं आणि विटेवर पडतो तो त्याचा ठसा. आणि म्हाताऱ्या साचेवाल्यानं जन्मभर उलटंच कोरलं, त्याला ते उलटं दिसतच नव्हतं. त्यानं विचारलं तेवढं सांगितलं.

"भिंगरे, इकडे ये, ऐक," मी तिला ओढून कोपऱ्यात नेलं. "अशी नाही, तशी काढायची. साच्यातल्या उलट. कळलं? तक्त्यात बघ आणि तशी काढ."

"पण आईनं..."

"आईचं राहू दे आत्ता!"

तिचा चेहरा एकदम बारीक झाला. तेवढ्यात नाव पुकारलं. कोपऱ्यातल्या दोन मिनिटांत मी सहा आठवडे पुसायला निघाले होते.

मोठ्या बाई टेबलाशी बसल्या होत्या. चष्मा, दमलेला चेहरा, पुढ्यात कागद. आधी बोबडीला बोलावलं. तिनं चार अक्षरं काढली, त्यातलं एक पडायच्या बेतात होतं, आणि पुस्तक हातात दिलं तर पुढची बाजू कुठली ते दाखवलं. मग भिंगरी. पुस्तक तिनंही बरोबर धरलं, शब्दांमधली जागाही दाखवली. बाई खूश झाल्या. "अरे वा. आता पाटीवर काढ बघू, येतात ती."

भिंगरीनं माझ्याकडे पाहिलं. तक्त्याकडे पाहिलं. मग पाटीवर वाकली आणि काढायला लागली. उजव्या कडेपासून. भरभर, एकही न चुकता, खडू जराही न अडखळता. ग काढला, दांडी डावीकडे आणि आकडी उजवीकडे. न तसाच, प तसाच. सतरा अक्षरं. इतकं सुंदर वळण त्या वयाच्या पोराचं मी पाहिलं नाही. सगळी पाटी भरली तेव्हा तिनं मान वर केली आणि ती हसत होती.

बाईंनी पाटी फिरवून पाहिली. परत सरळ केली. "हे कुणी शिकवलं?" त्यांनी भिंगरीला नाही, मला विचारलं.

मी सांगितलं. भराभरा, धड वाक्य न जुळवता, सगळं सांगितलं. साचे, पाऊस, बंद झालेला वर्ग. "एक महिना द्या बाई. पोर हुशार आहे. हात वळलेला आहे, फक्त दिशा बदलायची आहे."

त्यांनी ऐकून घेतलं. तेच वाईट. "एखादं अक्षर उलटं काढणारी मुलं आमच्याकडे पुष्कळ येतात," त्या म्हणाल्या. "ते सुटतं. पण ही सगळीच्या सगळी, आणि उजवीकडून. हे पक्कं झालेलं आहे. पक्कं मोडायला नवं शिकवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. साठ मुलांमागे माझ्याकडे एक शिक्षिका आहे. तिला हिच्याजवळ कधी बसता येणार?"

"मी बसेन. भट्टीवर. महिनाभर."

"यादी आज जाते." त्या थांबल्या. "तुम्हीच यांच्या बाई ना? आणि घरातल्याही म्हणता. मग इतके दिवस तुम्ही एकदाही पाटी पाहिली नाहीत?"

बोबडीचा बाप मागे उभा होता. त्याला काही कळलं नव्हतं, एवढंच कळलं होतं की आपली लागली. तो मला हात जोडत होता. "बाई, तुमचे उपकार. तुम्ही हात धरून शिकवलंत." मी मान हलवली.

परत येताना भिंगरी माझ्या मागून चालत होती. पळाली नाही.

"काकू, माझं चुकलं का?"

"नाही गं."

"आईचं चुकलं?"

मी तिचा हात धरला आणि चालत राहिले. टेकडीवर पोचलो तेव्हा भट्टीचा धूर दिसायला लागला.

थोरली थापत होती. आम्हाला बघून हात थांबले नाहीत, थांबवता येत नव्हते, मुकादम समोर होता. गोळा डोक्यावर नेता नेता तिनं विचारलं, "काय झालं?"

"बोबडीची लागली."

गोळा साच्यात पडला. तिनं कोपरे भरले, पट्टी फिरवली, वीट खाली उतरवली. मग बसल्या जागी हात मांडीवर ठेवले.

"का? हिला आलं नाही?"

भिंगरी बोलून गेली, "आई, मी सगळी काढली. पण त्यांच्याकडे उलटी होती. सगळी उलटी."

थोरली माझ्याकडे बघायला लागली. तिला अक्षर येत नव्हतं, पण ती बावळट नव्हती. हातातल्या साच्याकडे तिनं हळूच एकदा पाहिलं आणि परत माझ्याकडे पाहिलं, आणि मी त्या डोळ्यांत भीती पाहिली. इतकी भीती मी तिच्या डोळ्यांत पावसाच्या दिवशीही पाहिली नव्हती.

"उलटं कुणाचं होतं, धाकटे? खरं सांग. माझं?"

मला खरं सांगता आलं असतं. पण त्या सहा आठवड्यांत या बाईनं नखं नसलेल्या बोटांनी पोरीचं बोट धरून चरांमधून फिरवलं होतं, दिवसभर थापून झाल्यावर. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. मला वाटलं, चूक माझीच तर आहे. मग माझीच म्हणून सांगितली तर खोटं कुठे झालं?

"तुमचं नाही, ताई. माझं. वर्गात मीच उलटं शिकवलं. तिच्या डोक्यात गोंधळ झाला."

तिनं श्वास सोडला. मी बघितलं ते. आधी तिचा चेहरा सैल झाला, सगळा, जसा ओझं उतरल्यावर होतो. आणि मग रागानं भरला.

"दहावी शिकलीस ना गं तू?" ती उठली. ओळीतली एक ओली वीट तिच्या पायाखाली आली, तिकडे तिचं लक्षही नव्हतं. "दहावी शिकून एवढं जमलं नाही? मी अडाणी. मी शिकवलं तेवढं तरी बरोबर होतं! आणि तू घाण केलीस त्यात. तुला पोटचं असतं तर कळलं असतं."

मुकादम ओरडला. ती बसली आणि थापायला लागली. संध्याकाळी तिनं चुलीतली लाकडं उचलून भिंतीपलीकडच्या रिकाम्या खोपटात दुसरी चूल मांडली आणि साचेही तिकडे नेले. दोघे भाऊ बघत राहिले. आमचे हे म्हणाले, "काय केलंस तू?" मी त्यांनाही खरं सांगितलं नाही.

चार दिवसांनी वर्ग सुरू झाला. भिंगरी आली नाही. मी बोलवायला गेले तर थोरली दारात आडवी उभी राहिली. "तुझ्या वर्गात माझी पोर यायची नाही. पुढच्या वर्षी परीक्षेला मीच तयार करीन. मला येतंय तेवढं तिला पुरे." आत भिंतीशी नऊ साचे तसेच, आणि भिंगरीचं बोट एका साच्यात.

तेव्हा मला कळलं मी काय करून बसले आहे. जिचं मन राखायला खोटं बोलले तिच्याच हातून पोर रोज आणखी पक्कं उलटं शिकत होती. पुढच्या वर्षी पण तेच होणार, आणि पुढच्या वर्षी ती सातची असणार.

मी दोन दिवस धीर गोळा केला. मग दुपारच्या सुट्टीत पाटी आणि एक भाजलेली वीट घेऊन तिच्यासमोर जाऊन बसले. सगळं खरं सांगितलं. साच्यातलं अक्षर उलटं असतं, विटेवरचं सुलटं. मी पाटीवर काढून दाखवलं, विटेवर बोट ठेवून दाखवलं. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी माझ्यावर घेतलं होतं, ताई. पोरीचं नुकसान होतंय. तिला माझ्याकडे पाठवा."

ती ऐकत होती. विटेकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं. तिला उलटं-सुलटं दोन्ही सारखंच होतं. मग ती हसली. ते हसू मला सहन झालं नाही.

"तेव्हा म्हणालीस माझं चुकलं. आता म्हणतेस तुमचं चुकलं. उद्या काय म्हणशील? अडाण्याच्या माथी काहीही मारता येतं, नाही?"

"मुकादमाला विचारा. त्याला वाचता येतं."

"मुकादमाच्या तोंडून माझी अक्कल काढायची राहिली आहे का?" तिनं मान वळवली. "भिंगरे, इकडे ये. तू सांग. काकूचं बरोबर का माझं?"

भिंगरी येऊन उभी राहिली. तिच्या पुढ्यात एका बाजूला माझी पाटी होती, दुसऱ्या बाजूला आईचा हात. तिनं पाटीकडे बराच वेळ पाहिलं. ती शाळेतला तक्ता पाहून आली होती. तिला कळत होतं. मी तिच्या डोळ्यांत ते अगदी स्पष्ट पाहिलं. मग तिनं थोरलीच्या बोटांकडे पाहिलं.

"आईचं," ती म्हणाली.

सुट्टी संपली होती. थोरलीनं खांद्यावरचं फडकं काढलं, त्याची चुंबळ केली आणि भिंगरीच्या डोक्यावर बसवली. त्यावर दोन विटा ठेवल्या. भिंगरी एका हातानं त्या सावरत, मान ताठ धरून, बाकीच्या बायकांच्या मागून भट्टीकडे निघाली.